गुन्हा मेलेल्या ड्रायव्हरवरच दाखल होतो, तरी घरच्यांना भरपाई मिळू शकते. हे शक्य झालं त्यात ना. म. जोशींचा मोठा वाटा आहे

सुरतहून धुळ्याकडं निघालं की नवापूर आणि विसरवाडी मागं पडतं आणि कोंडाईबारीचा घाट सुरू होतो. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांच्या सीमेवरचा हा घाट ट्रकवाल्यांना चांगलाच पाठ आहे. गुजरातमधून येणारा कापड-केमिकलचा माल याच रस्त्यानं जातो, आणि नंदुरबारची मिरची, शहाद्याकडचा ऊस, केळी अशा मालाचे ट्रकही जिल्ह्यातल्या रस्त्यांवर रात्रंदिवस धावत असतात.

अशा रस्त्यावर रात्री एखादा ट्रक उलटला, समोर दुसरी गाडी नाही, ड्रायव्हर जागीच गेला, तर काय होतं? पोलीस येतात, पंचनामा होतो आणि पुष्कळदा निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा मेलेल्या ड्रायव्हरवरच नोंदवला जातो. घरचे लोक एफआयआर वाचतात आणि खचतात. चूक आपल्याच माणसाची लिहिली आहे, मग आता कुणाकडं काय मागायचं, असा त्यांचा समज होतो. गाडीचा मालकही बऱ्याचदा हेच सांगतो आणि दहा-वीस हजार हातावर ठेवून विषय मिटवायला बघतो.

पण कायदा तसं म्हणत नाही. कामावर असताना अपघात झाला, एवढं सिद्ध झालं तर मालकाला भरपाई द्यावी लागते. चूक ड्रायव्हरची होती की रस्त्याची की ब्रेकची, या प्रश्नावर ती अडत नाही. ही सोय भारतात पहिल्यांदा आली १९२३ साली. ती यावी, टिकावी आणि तिच्यातल्या पळवाटा बुजाव्यात म्हणून जी माणसं आयुष्यभर भांडली, त्यात सगळ्यात चिकाटीचं नाव होतं नारायण मल्हार जोशी.

मुंबईकरांना हे नाव रस्त्यामुळं माहिती आहे. लोअर परळ आणि करी रोडच्या बाजूनं जाणारा ना. म. जोशी मार्ग, जुन्या लोकांच्या तोंडी डिलाईल रोड, तिथल्या बीडीडी चाळी. पण ज्याच्या नावानं रस्ता आहे तो माणूस नक्की कोण होता, हे विचारलं तर दहातले नऊ जण गप्प बसतील.

जोशींचा जन्म ५ जून १८७९ चा, गोरेगावचा. मुंबईतलं गोरेगाव नाही, तर रायगड जिल्ह्यातलं, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं माणगावजवळचं गोरेगाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले आणि त्यानंतर काही वर्षं शाळामास्तर म्हणून राहिले. त्या काळात बी. ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरी किंवा वकिली, दोन्ही वाटा उघड्या होत्या. जोशींनी तिसरीच धरली. १९०९ साली ते गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. गोखल्यांनी १९०५ साली काढलेल्या या संस्थेत यायचं म्हणजे स्वतःसाठी पैसा कमवायचा नाही, संस्था देईल त्या तुटपुंज्या मानधनावर घर चालवायचं आणि आयुष्य सार्वजनिक कामाला द्यायचं. जोशींनी ते शेवटपर्यंत पाळलं.

संस्थेच्या कामासाठी ते मुंबईत आले आणि १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग सुरू झाली. गिरणगावातल्या चाळींमध्ये रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने, सहकारी सोसायट्या असं लीगचं काम होतं. बाहेरून बघणाऱ्याला हे सगळं समाजसेवेसारखं वाटायचं आणि होतंही तसंच. पण लीगचं एक काम वेगळं होतं. गरीब आणि निरक्षर माणसांना कायद्याचा सल्ला द्यायचा, कोर्टात त्यांच्या बाजूनं धावपळ करायची. आज ज्याला आपण मोफत विधी सहाय्य म्हणतो, ते सरकारनं कायद्यानं आणण्याच्या कित्येक दशकं आधी या मंडळींनी आपल्या परीनं सुरू केलं होतं.

त्या काळातली गिरणी म्हणजे उघडे पट्टे, फिरती चाकं आणि दिवसाला बारा-बारा तास काम. हात अडकायचा, बोटं जायची, कधी माणूसच जायचा. मग त्या घराचं काय? सरळ उत्तर होतं, काही नाही. मालकाला वाटलं तर देणार, नाही वाटलं तर गावाकडची वाट.

आता इथं कायद्याची भानगड समजून घ्यायला हवी, कारण जोशींच्या पुढच्या वीस वर्षांचा मोठा भाग याच भानगडीत गेला.

कागदावर तेव्हाही एक कायदा होता. १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा. दुसऱ्याच्या चुकीनं माणूस मेला तर त्याच्या घरच्यांना दिवाणी कोर्टात दावा लावता यायचा. पण त्यासाठी आधी चूक सिद्ध करावी लागायची, आणि ती करायची कुणी, तर गेलेल्या मजुराच्या बायकोनं. साक्षीदार कोण, तर त्याच गिरणीत नोकरी करणारे. कोर्ट फी, वकील, तारखा हे सगळं वेगळंच.

त्यात इंग्लंडमधून आलेली एक जुनी पळवाट होती. गंमत म्हणजे तिचा उगम एका ओव्हरलोड गाडीतच आहे. एका खाटकाकडं काम करणारा पोरगा मालाच्या गाडीवर बसून निघाला होता. गाडीत मटण क्षमतेपेक्षा जास्त भरलेलं. गाडी मोडली, पोरगा पडला, मांडीचं हाड मोडलं. त्यानं मालकावर दावा केला. ज्युरीनं त्याला १०० पौंड मंजूर केले. पण १८३७ साली वरच्या कोर्टानं ते फिरवलं. पुढं याच निकालातून एक तत्त्व रुजलं, की सोबतच्या नोकराच्या चुकीनं दुखापत झाली तर मालक जबाबदार नाही, कारण नोकरी धरतानाच नोकरानं तो धोका पत्करलेला असतो.

हे आजच्या ट्रकला लावून बघा. ड्रायव्हरला डुलकी लागली, गाडी उलटली, शेजारी बसलेल्या क्लीनरचा पाय गेला. जुन्या तत्त्वानुसार मालक हात झटकून मोकळा. कारण चूक ड्रायव्हरची, आणि ड्रायव्हर म्हणजे क्लीनरचा सहकारी. आणि गाडीचं काम धोक्याचं असतं हे क्लीनरला माहीत होतं, तरी तो बसला, म्हणजे धोका त्यानं स्वतःहून घेतला. अशा दोन्ही बाजूंनी मजूर अडकायचा.

जर्मनीत बिस्मार्कनं १८८४ मध्ये अपघात विमा आणून हा गुंता तोडला होता. इंग्लंडनं १८९७ मध्ये कामगार भरपाईचा कायदा केला. विचार सोपा होता. यंत्रावर काम म्हटलं की काही अपघात होणारच. यंत्र दुरुस्तीचा खर्च जसा धंद्याच्या हिशेबात धरला जातो, तसाच माणूस जखमी होण्याचा खर्चही धरला पाहिजे. चूक शोधत बसायचं कारण नाही.

भारतात मात्र पहिलं महायुद्ध संपेपर्यंत यावर काही झालं नाही. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारताच्या कामगारांचा प्रतिनिधी म्हणून सरकारनं जोशींना पाठवलं. देशभरातल्या कामगारांची एकत्र संघटना तेव्हा अस्तित्वातच नव्हती, त्यामुळं प्रतिनिधी सरकारनंच ठरवला. पुढच्या परिषदांना प्रतिनिधी कुणी निवडायचा, हा प्रश्न उभा राहिला आणि त्यातूनही चालना मिळून ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक, स्थापन झाली. पहिले अध्यक्ष लाला लजपतराय. जोशी तिच्या उभारणीत होतेच आणि पुढं १९२५ पासून सरचिटणीस झाले.

१९२१ मध्ये ते दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळात पोहोचले, कामगारांचे प्रतिनिधी म्हणून, पण सरकारनियुक्त. ही खुर्ची विचित्र होती. सरकारनं बसवलेला माणूस सरकारशी आणि गिरणीमालकांशी भांडणार कसा, असा प्रश्न तेव्हाही विचारला जायचा. जोशी १९४७ पर्यंत तिथं बसले आणि कामगारांचा विषय निघाला की उठून बोलत राहिले. मोठं वक्तृत्व ही त्यांची ताकद नव्हती. आकडे, कलमं आणि दुरुस्त्या ही होती. एक शब्द बदलला तर किती मजूर कायद्याच्या बाहेर जातात, हे ते बघायचे.

१९२२ मध्ये सरकारनं कामगार भरपाईचं विधेयक आणलं. मार्च १९२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि १ जुलै १९२४ पासून कायदा लागू झाला. हा कायदा जोशींनी लिहिला असं सोशल मीडियावर कुणी टाकलं तर ते खरं मानू नका. विधेयक सरकारी होतं, मागं इंग्लंडच्या कायद्याचा साचा होता आणि युद्धानंतर वाढलेल्या संपांचा दबावही होता. पण सभागृहात मजुराच्या बाजूनं हा कायदा रेटणारा आणि तो अपुरा आहे हे ठणकावून सांगणारा आवाज जोशींचा होता.

अपुरा होताच. कामावर प्रौढ माणूस मेला तर घरच्यांना ३० महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यातलं जे कमी असेल ते. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यातलंही जे कमी ते. म्हणजे ३० रुपये पगाराच्या मजुराच्या जिवाची किंमत झाली ९०० रुपये. दुखापत झाल्यावर पहिल्या दहा दिवसांचं काहीच मिळायचं नाही. शेतमजूर तर कायद्यात नव्हताच. तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारात, बहुतेक कष्टकरी शेतावर आणि जंगलात राबत होते. त्यांना या कायद्याचा तेव्हा जवळपास काही उपयोग झाला नसणार, हे मान्य करायला हवं.

तरी दोन गोष्टी त्यात अशा होत्या की त्यांची धार आजही गेलेली नाही. पहिली म्हणजे दाव्यासाठी दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या चढायची गरज नाही, वेगळा आयुक्त नेमला जाईल आणि तो निकाल देईल. दुसरी म्हणजे ठेकेदाराची आडकाठी चालणार नाही. मूळ मालकानं आपल्या धंद्यातलं काम ठेकेदाराला दिलं आणि ठेकेदाराचा माणूस जखमी झाला, तरी मजुराला मूळ मालकाकडून भरपाई मागता येईल. मालकानं ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, ते त्यांचं त्यांनी बघावं. वाहतुकीच्या धंद्यात ट्रक एकाचा, माल दुसऱ्याचा, माणसं तिसऱ्यानं आणलेली असा प्रकार नेहमीचाच आहे. त्यामुळं माल चढवताना-उतरवताना जखमी झालेल्या हमालासाठी हे कलम फार मोलाचं ठरतं.

याच काळात जोशींचं बाकीचं कामही चालूच होतं. कामगार संघटना नोंदवायचा अधिकार कायद्यानं मिळावा म्हणून त्यांनी १९२१ मध्ये ठराव मांडला होता, त्याचा कायदा १९२६ मध्ये झाला. १९२४ मध्ये त्यांनी बाळंतपणाच्या रजेचं विधेयक मांडलं आणि ते सभागृहात पडलं. १९२६ मध्ये मुंबईत टेक्स्टाईल लेबर युनियन काढली. १९२८ चा गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप तर प्रसिद्धच आहे. त्यात मवाळ जोशी आणि कम्युनिस्ट डांगे एकाच संप समितीत होते.

आणि मग १९२९ साल आलं. जोशींच्या आयुष्यातला सगळ्यात वादग्रस्त निर्णय याच वर्षातला.

ब्रिटिश सरकारनं भारतातल्या कामगारांची स्थिती तपासायला जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमलं. जोशींना त्यात सदस्य म्हणून घेतलं. देशातलं वातावरण तापलेलं होतं, सायमन कमिशनवरचा बहिष्कार ताजा होता. आयटकच्या नागपूर अधिवेशनात, जिथं अध्यक्षपदी जवाहरलाल नेहरू होते, व्हिटली कमिशनवर बहिष्कार टाकायचा की नाही यावर मोठा खटका उडाला. डाव्या गटाचं म्हणणं होतं की साम्राज्याच्या कमिशनमध्ये बसणं म्हणजे कामगारांशी दगाफटका. ठराव बहिष्काराच्या बाजूनं गेला. ज्या संघटनेचे ते सरचिटणीस होते, तीच संघटना जोशींनी सोडली आणि आपल्या सहकाऱ्यांबरोबर वेगळा फेडरेशन उभा केला.

या निर्णयावरून त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. सरकारधार्जिणा, मवाळ, मालकांना सोयीचा, अशी विशेषणं चिकटली. राजकारणाच्या अंगानं बघितलं तर टीका अगदीच चुकीची नव्हती. संघटना फुटल्यानं कामगारांची ताकद कमी झाली, हे कुणीही नाकारणार नाही. पण बोटं गमावलेल्या मजुराच्या अंगानं बघितलं तर हिशेब वेगळा निघतो.

कमिशननं देशभर फिरून साक्षी घेतल्या आणि १९३१ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर १९३३ मध्ये कामगार भरपाई कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. दहा दिवसांची बिनपगारी वाट सात दिवसांवर आली. कामावर मृत्यू झाल्याचं कळलं तर आयुक्त स्वतःहून मालकाला नोटीस काढून खुलासा मागू शकेल, अशी तरतूद आली. घरच्यांनी अर्ज करायची वाट बघायची गरज उरली नाही.

आणि एक बदल असा झाला, जो आज ट्रक ड्रायव्हरच्या घरच्यांना सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. १९२३ च्या कायद्यात मालकाला काही बचाव ठेवलेले होते. मजूर दारू प्यायलेला होता, त्यानं सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला, असं दाखवलं की मालक सुटायचा. १९३३ च्या दुरुस्तीनं ठरवलं की अपघातात मृत्यू झाला असेल तर हे बचाव चालणार नाहीत. पुढं २००० साली कायमच्या पूर्ण अपंगत्वालाही हेच लागू झालं. म्हणजे बघा, मेलेल्या माणसाला बाजू मांडता येत नाही. सगळं खापर त्याच्यावर फोडणं सोपं असतं. ती वाटच कायद्यानं बंद केली.

१८३७ च्या त्या मटणाच्या गाडीचं काय झालं? रॉयल कमिशननं सहकाऱ्याच्या चुकीचा आणि पत्करलेल्या धोक्याचा, असे दोन्ही बचाव रद्द करावेत असं सुचवलं होतं. त्यानुसार १९३८ मध्ये मालकांच्या जबाबदारीचा वेगळा कायदा झाला. त्यानं सांगितलं की सहकाऱ्याच्या चुकीमुळं इजा झाली, एवढ्यावर मालक सुटत नाही. आणि धोका नीट समजावून सांगितला होता व मजुरानं तो राजीखुशीनं घेतला होता, हे सिद्ध झाल्याशिवाय त्यानं धोका पत्करला असं मानता येणार नाही. खाटकाच्या पोराचा निकाल भारतात मोडीत निघायला १०१ वर्षं लागली.

जोशी १९४० मध्ये पुन्हा आयटकमध्ये आले, दोन्ही गट एकत्र झाले आणि ते परत सरचिटणीस झाले. १९४८ पर्यंत हे पद त्यांच्याकडं होतं. पक्षीय राजकारणाचा जोर वाढला तसे ते बाजूला झाले. ३० मे १९५५ रोजी त्यांचं निधन झालं.

आता पुन्हा घाटात येऊ, कारण हे सगळं आज नक्की कसं लागू होतं ते बघायला हवं.

ट्रक अपघातात भरपाईच्या दोन वाटा आहेत. एक मोटार वाहन कायद्याची, दुसरी जोशींच्या काळातल्या कामगार भरपाई कायद्याची.

पहिली वाट ज्याला ट्रकनं धडक दिली त्याची. दुचाकीवाला, पायी चालणारा, समोरच्या गाडीतले लोक. त्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडं अर्ज करायचा. इथं पूर्ण भरपाई हवी असेल तर ट्रकवाल्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. पण फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही. काय घडलं असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं दिसलं तरी पुरतं. काही वेळा घटनाच बोलते. मोटार रस्ता सोडून पलीकडच्या झाडावर आदळली, तर ती का आदळली याचा खुलासा गाडीवाल्यानं करायचा. नागपूर-पांढुर्णा प्रवासात १९६० मध्ये झालेल्या अशाच एका अपघातात सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली हे तत्त्व लावलं.

त्यामुळं पहिल्या दोन दिवसांत जे कागद तयार होतात त्यावर सगळं अवलंबून असतं. घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा, टायर घासल्याच्या खुणा, गाडी कुठल्या बाजूला होती, आरटीओनं केलेली ब्रेकची तपासणी, फिटनेस, परमिट, ड्रायव्हरचं लायसन्स, विम्याची प्रत, वजनकाट्याची पावती. ओव्हरलोड सिद्ध करायला काट्याची पावती आणि बिल्टी यांच्याइतका बोलका पुरावा नाही. ढाब्याचा किंवा पेट्रोलपंपाचा सीसीटीव्ही असेल तर लगेच मागावा, कारण थोड्याच दिवसांत जुनं चित्रण पुसलं जातं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अर्जाची मुदत सहा महिन्यांची आहे, म्हणून बाराव्या-तेराव्याचं सगळं उरकलं की कागदांच्या मागं लागलेलं बरं. चूक सिद्ध करायची नसेल तर मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपयांची ठरलेली भरपाई आहे. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात.

दुसरी वाट ड्रायव्हर, क्लीनर आणि हमालाची. एफआयआर ड्रायव्हरच्याच नावानं असेल तर निष्काळजीपणावर आधारलेला दावा टिकणं अवघड, कारण स्वतःच्या चुकीची भरपाई मागता येत नाही. तिथं कामगार भरपाईचा रस्ता उपयोगी पडतो. चूक कुणाची हा प्रश्नच नाही. दोनच गोष्टी दाखवायच्या. तो त्या मालकाकडं कामाला होता, आणि अपघात कामामुळं व कामादरम्यान झाला.

ऐकायला सोपं आहे, पण इथंच मालक पलटतात. नंदुरबारच्या खेड्यातून गेलेल्या क्लीनरकडं नेमणुकीचा कागद कुठून असणार? पगार रोख किंवा मोबाईलवरून आलेला. मग तेच मोबाईलचे व्यवहार, मालकाशी झालेले कॉल, बिल्टीवरची सही, टोलची नोंद, एफआयआरमध्ये त्याचा क्लीनर म्हणून झालेला उल्लेख, हे सगळं गोळा करावं लागतं.

रकमेचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. २०२० पासून वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात. मृत्यू झाला तर त्याच्या निम्मे, म्हणजे ७,५००, आणि त्याला वयाच्या कोष्टकातल्या आकड्यानं गुणायचं. वय ३० असेल तर तो आकडा २०७.९८. भरपाई येते १५,५९,८५० रुपये. मालकानं महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि कारण पटण्यासारखं नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. भरपाई साधारणपणे विमा कंपनी भरते, पण हा दंड मालकाच्या खिशातून जातो. दहा-वीस हजारांवर अंगठा घेऊ पाहणाऱ्या मालकाला हे चांगलं ठाऊक असतं.

दोन्ही वाटांनी दावा लावता येत नाही, एक निवडावी लागते. धडक दुसऱ्या गाडीनं दिली असेल आणि तिची चूक स्पष्ट असेल तर न्यायाधिकरणात जास्त रक्कम मिळू शकते. चूक आपल्याच ड्रायव्हरवर येत असेल तर दुसरी वाट बरी. हा निर्णय घेण्याआधी वकिलाला विचारावंच.

सगळ्यात वाईट अवस्था होते ती ट्रकमध्ये किंवा पिकअपमध्ये मागं बसून जाणाऱ्यांची. सातपुड्यातली माणसं मजुरीला, बाजाराला, लग्नाला अशीच जातात. मालवाहू गाडीत प्रवासी म्हणून बसलेल्यांची जबाबदारी विमा कंपनीवर टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलेलं आहे. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा माणूस असेल तर गोष्ट वेगळी. बाकीच्यांना गाडीमालकाकडूनच वसुली करावी लागते, आणि त्याच्याकडं काही नसेल तर निकाल हातात घेऊन बसावं लागतं.

वकिलाच्या फीचं म्हणाल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, महिलेला आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची ६९ टक्क्यांहून जास्त लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती. म्हणजे इथल्या बहुतेक घरांना हा हक्क आहे. अर्ज जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं किंवा तालुका समितीकडं करायचा. साध्या कागदावर लिहिलेलाही चालतो.

१९२३ च्या कायद्याचं नाव २००९ च्या दुरुस्तीनं बदललं. इंग्रजी नावातला वर्कमन जाऊन एम्प्लॉयी आला, कारण काम करणारी बाईही असते हे कायद्याच्या नावाला ८६ वर्षांनी सुचलं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हाच मजकूर सातव्या प्रकरणात घेतला आहे. तिथं आयुक्ताला सक्षम प्राधिकारी म्हटलंय. मृत्यू झाला असेल तर मजुराच्या चुकीचा बचाव चालणार नाही, हे १९३३ चं कलम त्यातही शाबूत आहे.